पंधरा वर्षांची स्विफ्ट डिझेल आणि तिचं तीन लिटर ऑइल

गाडीला पंधरा वर्षं झाली आणि आरटीओत जाऊन री-पासिंग करून घेतलं. एमएच १० ची स्विफ्ट व्हीडीआय, जुन्या शेपची. २०२२ च्या एप्रिलपासून कारच्या री-पासिंगची फी ६०० वरून एकदम ५ हजार केलीय, वर पर्यावरण कर वेगळा, आणि आता दर पाच वर्षांनी परत री-पासिंग. त्यामुळं घरातनं, ऑफिसमधनं, पाहुण्यांकडनं एकच ऐकायला मिळालं की डिझेलचा जमाना गेला, देऊन टाक, सीएनजी घे. मी नाही दिली. का नाही दिली आणि हे इंजिन पुढं चालवायचं तर काय काय बघावं लागतं ते एकदा नीट लिहितो, कारण सांगली-मिरज-कुपवाडात या इंजिनच्या गाड्या अजून ढिगानं फिरतायत आणि त्यांच्याबद्दल निम्मी माहिती चुकीचीच फिरते.

आधी इंजिन कुठलं ते. बॉनेटवर मारुती लिहिलेलं असलं तरी हे १.३ डिझेल मूळचं फियाटचं, मल्टीजेट. फियाट आणि जनरल मोटर्स एकत्र होते तेव्हा बनवलेलं, २००३ ला युरोपात आलं, आणि २००५ ला १ ते १.४ लिटरच्या गटात इंटरनॅशनल इंजिन ऑफ द इयर पण मिळालं याला. १२४८ सीसी, चार सिलिंडर, सोळा व्हॉल्व, ७५ पीएस आणि २००० आरपीएमला १९० एनएम टॉर्क. आपल्याकडं २००७ ला स्विफ्टमध्ये आलं आणि मग बघता बघता डिझायर, रिट्झ, टाटाची व्हिस्टा, मांझा, फियाटची पुंटो, लिनिया, पुढं अर्टिगा, सियाझ, ब्रेझा, सगळीकडं हेच. मारुतीवाले मानेसरला बनवायचे, फियाट-टाटावाले आपल्या पुण्याजवळ रांजणगावला. गाडीप्रेमी लोक याला राष्ट्रीय इंजिन म्हणायचे ते उगाच नाही. १ एप्रिल २०२० ला बीएस ६, म्हणजे धुराचे नवे कडक नियम, आले तेव्हा मारुतीनं डिझेल बंद केलं, म्हणजे आज रस्त्यावर मारुतीची जी जी १.३ डिझेल दिसतीय ती सगळी जुनीच. पार्ट मात्र अजून सहज मिळतात, एवढ्या गाड्या विकल्या गेल्यात की गावोगावच्या मिस्त्र्याला हे इंजिन तोंडपाठ आहे, आणि जुनी गाडी ठेवायची का नाही हे ठरवताना मला ही गोष्ट सगळ्यात मोठी वाटते.

आता मुद्द्याचं. या इंजिनात ऑइल बसतं जेमतेम तीन-सव्वातीन लिटर. आणि या तीन लिटरवर किती जण जगतात बघा. पिस्टन आणि व्हॉल्वचा मेळ राखायला टायमिंग चेन आहे, बेल्ट नाही, आणि त्या चेनला ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या प्रेशरवर चालतो. व्हॉल्वचे टॅपेट हायड्रॉलिक, तेही ऑइलवर. इंजिनात जास्तीची हवा कोंबणाऱ्या टर्बोचा शाफ्ट मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेतो आणि त्याला बॉल बेअरिंग नाही, तो ऑइलच्या पातळ थरावर तरंगत फिरतो, एका बाजूला लालबुंद एक्झॉस्ट आणि दुसऱ्या बाजूला गार हवा. आणि डिझेल जळून जी काजळी तयार होते ती पण थोडी थोडी याच ऑइलमध्ये उतरते. म्हणजे ऑइल खराब झालं की एक पार्ट जात नाही, एकाच वेळी सगळ्यांच्या घशाला कोरड पडते. चेन वाजली, टर्बो गेला, टॅपेट वाजायला लागले असं लोक वेगवेगळं सांगतात पण खोलून बघितलं की मूळ दहातल्या आठ वेळा तिथंच निघतं.

कंपनीचा हिशोब १० हजार किलोमीटर नाहीतर वर्ष. नवीन गाडीला ठीक आहे. दोन लाखाच्या पुढं गेलेल्या इंजिनला मी साडेसात हजारच्या वर कधी जाऊ देत नाही आणि किलोमीटर नाही झाले तरी वर्षाला बदलतोच. ग्रेड बुकमध्ये आहे तीच, ५डब्ल्यू-३०. इथं एक वाद नेहमी होतो, काही मिस्त्री म्हणतात इंजिन जुनं झालंय आता जाड ऑइल टाका, आवाज कमी येतो. आवाज कमी येतो हे खरं, पण सकाळी पहिल्या सेल्फला ते जाड ऑइल वर टेन्शनरपर्यंत आणि टर्बोपर्यंत पोचायला वेळ लावतं आणि झीज नेमकी त्या पहिल्या काही सेकंदातच होते. मला हे पटत नाही आणि मी ते करत नाही.

आमचे मिस्त्री मामा आहेत, साठीला आलेत, कुपवाड रोडच्या बाजूला छोटं गॅरेज, त्यांची ऑइल बदलायची पद्धत बघण्यासारखी आहे. गाडी गरम असतानाच नट काढतात, शेवटचा थेंब पडेपर्यंत थांबतात, घाई केली तर "जाऊन या की जरा बाहेर" म्हणतात. आमच्या गाडीला कागदी एलिमेंटवाला फिल्टर आहे, त्याच्या झाकणाला एक रबरी रिंग असते. ती रिंग प्रत्येक वेळी नवी, जुनी परत बसवायची नाही, आणि बसवायच्या आधी बोटानं नवं ऑइल लावून घ्यायचं. मग काढलेला फिल्टर कापून उन्हात धरतात आणि घड्या उलगडून बघतात. नुसतं काळं असलं तर काही नाही. चमक दिसली, बारीक कण, तर बेअरिंग नाहीतर चेनच्या बाजूचं काहीतरी झिजतंय. काळ्या प्लास्टिकचे तुकडे दिसले तर चेनच्या गाइडचे. पाच मिनिटाचं काम आहे पण बाकी कुठं करताना मी बघितलेलं नाही.

दोन गोष्टी ऑइलबद्दल अजून. नवं ऑइल टाकून आठवड्यात काळं झालं म्हणून घाबरायचं नाही, डिझेलचं होतंच. घाबरायचं ते पातळी बघून. ऑइल मोजायच्या पट्टीवर ऑइल कमी होत असेल तर टॉप अप करून कुठं जातंय ते शोधा, पण ऑइल वाढत असेल तर ते त्याहून वाईट, कारण ऑइल आपोआप वाढत नाही, इंजेक्टरमधनं डिझेल गळून खाली ऑइलमध्ये मिसळत असतं. पट्टी बोटांवर पुसून वास घ्या, डिझेलचा वास लगेच कळतो. अशी गाडी चालवत राहिलात तर पातळ झालेलं ऑइल बेअरिंग खातं. आणि पातळी फारच वाढली तर ते ऑइल ब्रीदरमधनं, म्हणजे इंजिनातली वाफ हवेच्या वाटेत नेणाऱ्या नळीतनं, वर ओढलं जातं आणि इंजिन त्याच्यावरच चालायला लागतं.

हे शेवटचं नीट समजून घ्या. टर्बोचं सील पूर्ण गेलं किंवा ऑइल फारच जास्त झालं तर डिझेल इंजिन स्वतःचंच ऑइल जाळत पळतं, रेस वाढत जाते, मागं पांढरा-निळा धूर, आणि चावी बंद केली तरी इंजिन बंद होत नाही. कारण डिझेलला स्पार्क लागत नाही, हवा दाबली की पेट घेतं, चावीनं फक्त टाकीतलं डिझेल बंद होतं. अशा वेळी क्लच दाबा, पाचवा गिअर टाका, ब्रेक आणि हँडब्रेक घट्ट धरा आणि क्लच एकदम सोडा, इंजिन दाबून बंद पाडायचं. क्लचचं काय होईल ते नंतर बघता येतं. वेळ जास्त गेला असेल, इंजिन पार वरच्या रेसला गेलं असेल तर मात्र बॉनेट उघडून वाकून बघत बसू नका, लांब व्हा. क्वचितच होतं, पण जुनं टर्बो डिझेल वापरणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत पाहिजे, घरातल्या इतर चालवणाऱ्यांना पण.

चेनबद्दल बरेच जण विचारतात की कंपनी म्हणती चेन लाइफटाइम आहे मग बदलायची कशाला. लाइफटाइम कुणाचा, इंजिनचा का चेनचा? चेन लांबते, टेन्शनर थकतो, गाइड झिजतात. सकाळी गार इंजिनला सेल्फ मारल्यावर टायमिंगच्या बाजूनं खडखड असा साखळी हलवल्यासारखा आवाज आला आणि दोन-तीन सेकंदात गेला तर तो इशारा समजायचा. गरम झाल्यावरही राहायला लागला तर गाडी थांबवा. चेननं दात सोडला की व्हॉल्व पिस्टनला आदळतात, रॉकर तुटतात, हेड उतरवावं लागतं, आणि मग जुन्या गाडीच्या किमतीचा विचार केला तर लोक गाडी तशीच भंगारात घालतात. बदलताना नुसती चेन नको, पूर्ण किट, टेन्शनर, गाइड, गिअर सगळं, आणि टायमिंग लॉक करायची टूल ज्याच्याकडं आहेत त्याच्याकडंच. खुणा पेनानं मारून टायमिंग बसवतो म्हणणाऱ्याकडं हे काम देऊ नका, बाकी कामं त्याच्याकडं खुशाल द्या.

टर्बोवर येतो. टर्बो गेला हे वाक्य इतकं सहज वापरलं जातं की ऐकून त्रास होतो. आमच्या एका मित्राची व्हिस्टा, हेच इंजिन. पिकअप एकदम गेला, काळा धूर, पेठ नाक्याच्या पुढं हायवेला ऐंशीच्या वर जाईना. एका मोठ्या सर्व्हिस सेंटरला नेली, तिथं लॅपटॉप लावून टर्बो असेंब्ली बदलायला सांगितली आणि एस्टिमेट असं की मित्र गाडी विकायलाच निघाला. मी म्हटलं आधी मामांकडं चल. मामांनी गाडी चालू ठेवून मला रेस द्यायला सांगितलं आणि टर्बोकडनं इंजिनकडं हवा नेणाऱ्या रबरी पाइपवरनं नुसता तळहात फिरवत गेले. खालच्या बाजूला क्लॅम्पजवळ थांबले. पाइप वरनं चांगला दिसत होता पण खालनं बोटभर चिरला होता, तेवढ्याच जागी तेलकट काळं झालेलं, रेस दिली की फुस्स करून हवा बाहेर. टर्बो हवा भरत होता, ती इंजिनपर्यंत पोचतच नव्हती, डिझेल मात्र पूर्ण पडत होतं, म्हणून काळा धूर. पाइप आणि दोन क्लॅम्प, संध्याकाळी गाडी घरी. ती व्हिस्टा अजून त्याच टर्बोवर चालू आहे.

म्हणून टर्बोचा निर्णय घ्यायच्या आधी पाइप, क्लॅम्प, एअर फिल्टर बघायला सांगा. त्यानंतर पाइप काढून टर्बोचा पंखा बोटानं हलवायचा. बाजूला किंचित हलला तर चालतं, ऑइल नसताना तेवढी जागा असतेच. आत-बाहेर हलला किंवा पाती कडेला घासल्याच्या खुणा दिसल्या तर खरंच गेला. पाइपमध्ये ऑइलचा ओलसर हात असतोच, ब्रीदरमधनं येतो, त्यावरनं टर्बो गेला म्हणू नका, ऑइल साचून ओघळत असेल तर मात्र म्हणा. आणि खरंच बदलला तर त्याला ऑइल देणारी बारीक पाइप नवीन टाका, परत येणारी पाइप मोकळी आहे का बघा, ऑइल फिल्टर बदला, खालचं ऑइलचं चेंबर उतरवून गाळ काढा. नाहीतर ज्या घाणीनं जुना गेला तीच घाण नव्याला आठवड्यात घालवती आणि मग दोष पार्टला.

वापरातली काळजी म्हणाल तर सोपी आहे. सकाळी ग्लो प्लगचा (गार सिलिंडर आधी तापवणारा) दिवा जाऊ द्या, सेल्फ मारा, अर्धा मिनिट थांबून हळू निघा, पहिले चार-पाच किलोमीटर रेस करू नका. आंबा घाट चढून आलात किंवा खंबाटकीत फुल लोडनं चढवली आणि लगेच चहाला थांबलात तर मिनिटभर इंजिन चालू ठेवून मग बंद करा, कारण लाल झालेल्या टर्बोत ऑइल जागेवर थांबलं तर तिथंच करपून कार्बन होतं. गावात हळू चालवत घरी आला असाल तर याची गरज नाही, दारात गाडी घुमवत उभं राहायचं काही कारण नाही.

पण सगळ्यात जास्त नुकसान मी ज्याच्यामुळं बघितलंय ते म्हणजे ॲव्हरेजच्या नादात वरच्या गिअरला कमी रेसवर गाडी रेटणं. या इंजिनचा टर्बो २००० च्या आसपास जागा होतो. त्याच्या खाली दम नसतो, हे सगळ्यांना माहीत आहे, ऊसाच्या सीझनला दोन ट्रॉल्यांच्या ट्रॅक्टरला ओव्हरटेक करायला गेलं आणि गिअर खाली घेतला नाही तर समोरनं एसटी येईपर्यंत गाडी उठत नाही. पण लोक चाळीसच्या स्पीडला पाचवा टाकून चढाला पाय दाबतात. हवा कमी, डिझेल जास्त, नुसती काजळी. ती काजळी ईजीआरमधनं (एक्झॉस्टचा थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व) परत इनटेकमध्ये, म्हणजे हवा आत जायच्या वाटेत, येते, ब्रीदरच्या ऑइलच्या वाफेत मिसळते आणि आत डांबरासारखा थर बसतो. माझ्या गाडीचा इनटेक मॅनिफोल्ड साफ केला तेव्हा हवेची वाट निम्मी उरली होती. साफ केल्यावर पिकअप लगेच जाणवला. काही जण ईजीआरला पत्र्याची चकती घालून बंद करतात, मी त्याच्या विरोधात आहे, धुरातले विषारी वायू वाढतात आणि ते आपल्याच पोरांच्या नाकात जाणार. वर्ष-दीड वर्षानं काढून साफ करणं एवढं अवघड नाही. आणि महिन्यातनं एकदा-दोनदा गाडी हायवेला काढा, तिसऱ्या-चौथ्यात अडीच-तीन हजारवर थोडा वेळ चालू द्या, कराडपर्यंत जाऊन आलं तरी पुरतं.

इंजेक्टरचं थोडक्यात. कॉमन रेलमध्ये, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना डिझेल देणाऱ्या पाइपमध्ये, प्रेशर हजार बारच्या कितीतरी वर जातं, टायरमध्ये आपण दोन-सव्वादोन बार भरतो त्यावरनं अंदाज करा. या प्रेशरला पाण्याचा थेंब किंवा धुळीचा कण नोझल खराब करतो. डिझेल फिल्टर वेळेवर बदला, पाण्याचा दिवा लागला तर त्याच दिवशी पाणी काढा, आणि रस्त्याकडेला कॅनमधनं स्वस्त मिळणारं डिझेल कितीही स्वस्त असलं तरी नको. एअर फिल्टर जत-कवठेमहांकाळ बाजूला फिरणाऱ्यांनी निम्म्या अंतरावर बघावा, तिकडची धूळ फार बारीक असते. इंजेक्टरच्या बुडाशी तांब्याचा वॉशर असतो, तो गळायला लागला की फस-फस आवाज येतो आणि भोवती काळा डांबरी थर जमतो. लवकर पकडलं तर वॉशरवर भागतं, उशीर केला तर इंजेक्टर त्या थरात असा चिकटतो की काढताना हेडला धोका. आणि इंजेक्टर बदलला तर त्याचा कोड स्कॅनरनं गाडीत टाकून घ्या, नाहीतर इंजिन खडखडतं आणि परत फिरफिर सुरू.

सांगलीत राहून पुराचं लिहिलं नाही तर हे अर्धवट राहील. ऑगस्ट २०१९ ला आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या पुढं गेलं, धोक्याची पातळी ४५. २०२१ च्या जुलैत परत. किती गाड्या पाण्यात गेल्या ते आपण सगळ्यांनी बघितलंय. पण त्यातली कितीतरी इंजिनं पुरानं नाही, पूर ओसरल्यावर मारलेल्या सेल्फनं गेली. पाणी दाबलं जात नाही. डिझेलचं कॉम्प्रेशन आधीच सतरा-अठरा पट, सिलिंडरमध्ये पेलाभर पाणी असलं आणि सेल्फ मारला की पिस्टन अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. आमच्या शेजाऱ्यांची डिझायर बॉनेटपर्यंत बुडाली होती. काकांनी चावी खिशात ठेवली आणि कुणाचं ऐकलं नाही. मामांनी येऊन बॅटरी काढली, ऑइल काढलं तर दुधाच्या चहासारखं निघालं, इनटेक खोललं, ग्लो प्लग काढून इंजिन हातानं फिरवलं, त्या भोकांतनं पाण्याच्या पिचकाऱ्या उडाल्या. दोनदा ऑइल-फिल्टर बदलून, डिझेलची टाकी धुऊन मगच सेल्फ. वायरिंगला नंतर बराच त्रास झाला पण इंजिन वाचलं. पाऊस सुरू व्हायच्या आधी इन्शुरन्समध्ये इंजिन प्रोटेक्शनचं कव्हर आहे का ते बघून घ्या, साध्या पॉलिसीत पाण्यानं गेलेल्या इंजिनचे पैसे मिळवताना फार ओढाताण होते.

हे इंजिन सगळ्यांसाठी आहे असं मी म्हणणार नाही. रोज विश्रामबागेतनं मार्केट यार्ड आणि परत, महिन्याला तीनशे किलोमीटर, असं ज्यांचं आहे त्यांनी जुनं डिझेल घेऊच नये. इंजिन नीट गरम व्हायच्या आत बंद होतं, काजळी साचते, ऑइल खराब होतं आणि डिझेलमध्ये वाचलेले पैसे गॅरेजला जातात. त्यांना पेट्रोल बरं. माझं आठवड्याला कोल्हापूर नाहीतर पुणं असतंच, मला अजून लिटरला वीसच्या आसपास मिळतं, घाटात चार माणसं आणि सामान घेऊन गाडी हूं म्हणत नाही, मग मी का देऊ.

जुनी घ्यायचीच असेल तर सगळ्यात आधी सांगली-कोल्हापूर पासिंगच्या गाडीचं पुराचं बघा. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून त्याच्यावर गाळाची रेघ आहे का, स्टेपनीच्या खाली माती, डॅशबोर्डच्या खालचे स्क्रू गंजलेत का. मग ऑइलचं झाकण काढून आत बघा, पातळ काळा थर चालतो, पेस्टसारखा गाळ नको. सर्व्हिसची बिलं मागा, ऑइल किती किलोमीटरला बदललंय ते त्यात दिसतं, आणि बिलं नसतील तर भाव करताना चेन किट, ऑइल, सगळे फिल्टर यांचा खर्च आपल्या डोक्यावर आहे असं धरूनच बोला. गाडी बघायला जायच्या आधी मालकाला फोन करून सांगा, "दादा, आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका." पोचल्यावर पहिल्यांदा बॉनेटला हात लावा. गरम लागलं तर चेनचा आवाज तुम्हाला ऐकू येणार नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर, न सांगता परत जा.